फोन चार्ज होत नाही? बोर्डाआधी सॉकेट बघा

मे महिन्यात जळगावच्या गोलाणी मार्केटात, नाहीतर भुसावळ, धुळे, शिरपूरच्या कुठल्याही मोबाइल दुकानाच्या काउंटरवर थोडा वेळ उभं राहा. दुकानदार "काय व्हयनं?" विचारतो आणि गिऱ्हाईक ठरलेलं उत्तर देतं, "भाऊ, बॅटरी गेली वाटतं." निदान घरूनच करून आणलेलं असतं. दुकानात गर्दी असली की कारागीरही मान डोलावतो, कारण बॅटरी बदलणं झटपट होतं आणि बिघाड शोधायला वेळ जातो. नवी बॅटरी पडते, पैसे जातात आणि आठवड्याभरात तोच फोन त्याच तक्रारीसह परत येतो.

खान्देशात फोन आणि घरातल्या इतर वस्तू बिघडण्यामागे तीन कारणं सारखी सारखी भेटतात: ऊन, धूळ आणि कमी-जास्त होणारी लाइट. या तिन्हींचा मार बाहेरून आत येतो. आधी सॉकेट, चार्जर, केबल, फोनची चार्जिंग पिन (केबल खुपसायची जागा) यांच्यावर, मग बॅटरीवर आणि शेवटी फोनच्या आतल्या मुख्य बोर्डावर. म्हणून शोधही त्याच क्रमाने करायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलल्यावर फरक पडला का ते बघायचं. चार्जर, केबल आणि बॅटरी एकदम बदलली आणि फोन चालू झाला, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही आणि दोन चांगल्या वस्तू भंगारात जातात.

चार्जिंगचा शोध

सगळ्यात आधी सॉकेट. ऐकायला हे बाळबोध वाटतं, पण भिंतीवरच्या जुन्या स्विचबोर्डांमधली सॉकेटं सैल झालेली असतात आणि चार्जर आत नुसता लटकत असतो. दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून बघा. मग तोच चार्जर, तीच केबल घरातल्या दुसऱ्या फोनला लावा. तो नीट चार्ज झाला तर दोष तुमच्या फोनमध्ये किंवा त्याच्या पिनमध्ये आहे. नाही झाला तर फक्त केबल बदला. एवढ्या अदलाबदलीत निम्म्या तक्रारी दुकानाच्या पायरीपर्यंत पोचत नाहीत, असं माझं मत आहे.

केबलला लोक फार कमी दोष देतात. तिचं काम समजायला केळीच्या बागेतलं ठिबक आठवा. मोटारीजवळ प्रेशर भरपूर असतं, पण लॅटरल, म्हणजे झाडांच्या ओळीतली नळी, बारीक आणि लांब असली तर शेवटच्या झाडापर्यंत पाणी ठिपकत जातं. केबलमधल्या तारांचंही तसंच. चार्जर ५ व्होल्ट देतो. स्वस्त, बारीक तारेच्या केबलचा जाऊन-येऊन रोध समजा अर्धा ओहम आहे आणि फोन २ अँपिअर ओढतोय, तर वाटेतच १ व्होल्ट पडतो आणि फोनच्या तोंडाशी ४ व्होल्टच पोचतात. फोनमधली लिथियम बॅटरी भरत आली की तिचाच व्होल्टेज ४.२ किंवा त्याहून थोडा जास्त असतो. मग ४ व्होल्टनी ती भरणार कशी? फोन हे ओळखतो आणि करंट कमी ओढतो, कारण करंट कमी झाला की वाटेतली घटही कमी होते. तुम्हाला दिसतं ते एवढंच, की रात्रभर लावूनही फोन सत्तर टक्क्यांवर.

फास्ट चार्जिंगमध्ये आणखी एक गोष्ट आहे. चार्जर सुरुवातीला ५ व्होल्टच देतो. फोन आणि चार्जर केबलमधून एकमेकांशी बोलतात, दोघांचं जमलं की मग व्होल्टेज ९ किंवा त्याहून वर चढतो, किंवा काही कंपन्यांच्या पद्धतीत करंट वाढतो. केबलमध्ये बोलण्याच्या तारा नसतील किंवा तुटलेल्या असतील तर हे बोलणं होतच नाही. म्हणून ३३ वॉटचा चार्जर लावूनही फोन १० वॉटच्या चालीने भरतो. चार्जरवरचे बारीक आकडे वाचायची सवय लावा. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. ९ व्होल्ट, २ अँपिअर असेल तर १८ वॉट. त्याच लेबलवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि 'आर-' पुढे आठ आकडी नोंदणी क्रमांक असायला हवा. ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर तो क्रमांक टाकला की तो खरा आहे का आणि कोणाच्या नावावर आहे ते कळतं. बाजारातल्या चार्जरवर नुसतं चिन्ह छापणं अवघड नाही, क्रमांक तपासला की खोट उघडी पडते.

खराब चार्जर ओळखायची एक खूण सांगतो. फोन चार्जिंगला असतानाच टच वेडावाकडा चालतो, बोट इकडे आणि टाइप तिकडे, पण केबल काढली की टच एकदम सरळ. अशा वेळी डिस्प्ले बदलायला जाऊ नका. चार्जरचा आउटपुट स्वच्छ नसतो, त्यातली खळबळ टचच्या थरापर्यंत पोचते. टच तुमच्या बोटाने होणारा अगदी बारीक विद्युत बदल मोजत असतो, त्यामुळे तो आधी बिथरतो. चार्जर बदला.

आता पिन. फोनच्या टाइप-सी सॉकेटच्या मधोमध पातळ जीभ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना मिळून २४ संपर्क असतात. खिशातले कापडाचे तंतू, शेतातली धूळ, कापूस वेचणीच्या दिवसांत कापसाचे तंतू हे सगळं सॉकेटच्या तळाशी साचतं आणि प्रत्येक वेळी केबल खुपसली की दाबून घट्ट होतं. केबल पूर्वीसारखी 'टक' करून बसत नसेल, जरा हलली की चार्जिंग तुटत असेल, तर आत मळाची गादी झालीय. फोन बंद करा, लाकडी टूथपिकचं टोक बारीक करून कडेकडेने तो मळ उकरा. सुई, टाचणी, पिन अजिबात नको. जीभ मोडली किंवा दोन संपर्क जोडले गेले तर फुकटचं काम महागात पडतं. साफ करूनही सैल वाटत असेल तर चार्जिंग जॅक झिजलाय. बऱ्याच फोनमध्ये तो खालच्या छोट्या सबबोर्डवर असतो आणि सबबोर्ड बदलणं बॅटरीपेक्षा अवघड नाही.

ऊन आणि बॅटरी

एवढं करूनही मे महिन्यात दुपारी फोन चार्ज होत नसेल, तर तो बिघडलेला नसून शहाणपणाने वागतोय. लिथियम बॅटरीच्या पेशीला साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा नियम बनवणाऱ्यांनीच घातलेला असतो. फोनमध्ये तापमान मोजणारा भाग असतो, तो चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो. आता भुसावळात बाहेरच पारा ४५ ला टेकलेला, फोन जाड कव्हरमध्ये, त्यावर हॉटस्पॉट चालू, आणि आपण म्हणणार बॅटरी गेली! कव्हर काढा, सावलीत, फरशीवर ठेवा, मग लावा. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका, बाहेर काढल्यावर आतल्या आत दव धरतं. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा गाडीच्या काचेखाली राहिलेला फोन गार झाल्यावर नीट चालतो, पण बॅटरीचं झालेलं नुकसान भरून येत नाही. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हात जास्त लवकर म्हातारी होते, म्हणून उन्हाळ्यात शंभर टक्के भरून दिवसभर लावून ठेवण्यात तोटाच आहे.

खरोखर गेलेली बॅटरी वेगळं वागते. तीस टक्के दाखवत असताना कॅमेरा उघडला की फोन पटकन बंद, चार्जरला लावला की पुन्हा तीस टक्के. बॅटरीचा आतला रोध वयानुसार वाढतो. कॅमेरा, फ्लॅश, गेम यांनी एकदम करंट ओढला की व्होल्टेज खाली बसतो आणि ठरलेल्या मर्यादेखाली गेला की फोन स्वतःला बंद करतो. टक्के खोटे नसतात, ते वापरायची ताकद उरलेली नसते. साधारण ५०० पूर्ण चार्जिंगनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहावी असा हिशोब बरीच वर्षं धरला गेला. अलीकडचे काही फोन १००० चा दावा करतात. पन्नास-पन्नास टक्के दोनदा भरलं तर ते एकच पूर्ण चार्जिंग धरायचं.

मागचं झाकण उचललं गेलं, डिस्प्लेची एक कड वर आली, फोन टेबलावर डोलायला लागला, तर बॅटरी फुगली आहे. आतलं रसायन विघटित होऊन वायू तयार झालेला असतो. दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. फोन बंद करून सरळ दुकान गाठा. जुनी बॅटरी घंटागाडीच्या कचऱ्यात टाकायची वस्तू नव्हे. तिथे ती दाबली गेली तर पेट घेते.

एकाच गल्लीतले टीव्ही एकाच रात्री का जळतात

फोनचा बिघाड बहुधा एकट्याचा असतो. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राउटर यांचा मात्र कधी कधी सामुदायिक असतो. वादळी वारा सुटतो, डीपीवर, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर, ठिणगी उडते आणि चार घरांतले टीव्ही एकदम बंद पडतात. लोक म्हणतात, "लाइट फुल आली." फुल कशी येते हे बघण्यासारखं आहे.

डीपीवरून तीन फेज निघतात आणि एक न्यूट्रल. कुठलाही एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजच्या मध्ये ४०० च्या आसपास. तुमचं घर एका फेजवर, समोरच्याचं दुसऱ्या. दोघांचा करंट न्यूट्रलमधून परत जातो. ही न्यूट्रलची तार डीपीजवळ तुटली किंवा सैल झाली की परतीचा रस्ता बंद. मग तुमचं घर आणि समोरच्याचं घर एकापाठोपाठ एक जोडल्यासारखे त्या ४०० व्होल्टच्या मध्ये अडकतात. वाटणी कशी होते? ज्याच्याकडे लोड जास्त, त्याच्या वाट्याला व्होल्टेज कमी. समोर कूलर आणि इस्त्री मिळून १००० वॉट चालू असतील आणि तुमच्याकडे फक्त १०० वॉटचे दिवे, तर साध्या दिव्यांचा हिशोब धरला तरी तुमच्या घरात साडेतीनशेच्या वर व्होल्ट येतात आणि समोरच्याला चाळीसही मिळत नाहीत. म्हणजे काटकसर करणाऱ्याचाच टीव्ही जळतो. अन्याय आहे खरा, पण ओहमचा नियम तसाच आहे.

खूण अशी: एकाच वेळी काही घरांतले दिवे भगभगीत आणि काही घरांतले मिणमिणते. किंवा आपल्याच घरात समोरच्याने कूलर लावला की दिवा उजळतो. असं दिसलं की आधी मेन स्विच खाली पाडा, मग महावितरणला १९१२ वर कळवा. डीपीला काठी लावून बघायला जाऊ नका, तो वायरमनचा प्रांत आहे.

स्पाइक गार्डवर फार भिस्त ठेवू नका. त्यात वेरिस्टर नावाची बटणासारखी चकती असते. ती विजेच्या कडकडाटातला क्षणभराचा झटका झेलते. साडेतीनशे व्होल्ट मिनिटभर टिकले तर ती स्वतःच जळते. अशा फुल लाइटपासून वाचायचं तर मीटरनंतर ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ, म्हणजे व्होल्टेज फार वर-खाली गेला की लाइट तोडणारा स्विच, बसवून घ्यावा. माझ्या मते टीव्हीच्या वाढीव वॉरंटीपेक्षा हा खर्च जास्त उपयोगाचा आहे.

जळलेल्या टीव्हीत मात्र नशीब बरं असेल तर फक्त पॉवर सप्लायचा फ्यूज आणि तीच वेरिस्टर चकती गेलेली असते. चकती शॉर्ट होते, फ्यूज उडवते आणि पुढचा भाग वाचतो. म्हणून मेकॅनिक सिरीज बोर्डावर, म्हणजे मध्ये एक दिवा जोडून टीव्ही लावतो. दिवा भगभगून पेटला तर आत शॉर्ट आहे. क्षणभर पेटून मंदावला तर सप्लाय शाबूत. हे घरी करू नका. प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कंडेन्सरवर ३२० व्होल्टच्या आसपास डीसी काही काळ टिकून असतो.

आवाज येतो पण चित्र नाही, ही दुसरी नेहमीची तक्रार. खोलीत अंधार करा आणि टीव्ही चालू ठेवून स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनेल चांगलं आहे, मागची बॅकलाइट पट्टी गेलीय. पट्टीतले एलईडी एकापाठोपाठ जोडलेले असतात. त्यातला एक गेला तरी बहुतेक टीव्हींत सगळाच उजेड बंद होतो. पॅनेल गेलं म्हणून नवा टीव्ही घ्यायच्या आधी ही टॉर्चची तपासणी नक्की करा. नव्या टीव्हीत बॅकलाइट कमाल पातळीवरून थोडी खाली ठेवली तर पट्ट्या जास्त टिकतात.

राउटर दर थोड्या वेळाने आपोआप रीस्टार्ट होतो, लोक इंटरनेटवाल्याला शिव्या देतात. आधी अडॅप्टर बघा. मल्टिमीटर लावला तर नुसत्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट बरोबर दिसतात, पण राउटर जोडल्यावर ते दहा-नऊवर घसरतात. आतला इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर सुकलेला असतो. उष्णता दर दहा अंशांनी वाढली की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. पत्र्याच्या खोलीत, टीव्हीच्या मागे कोंबलेला अडॅप्टर आपल्याकडे का टिकत नाही, ते यातून कळेल. पंखा हळू फिरतो, हाताने ढकलला की सुरू होतो, तोही कंडेन्सरच. त्यावरचा आकडा, बहुतेक वेळा २.५ मायक्रोफॅरड, बघून तेवढाच आणा. रिमोट चालतोय का ते फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं की दिसतं, टोकाला जांभळट उजेड येतो. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर सेल्फी कॅमेऱ्यात बघा.

कूलरचं वेगळं सांगायला हवं. पंपाला बोअरच्या पाण्याचे क्षार चढून तो अडकतो, ते खरवडून निघतं, त्यात काही विशेष नाही. पण पत्र्याच्या कूलरला चालू असताना पाणी भरू नये, ओल्या हाताने पंप हलवू नये. प्लग काढल्याशिवाय पंपाला हात नाही. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाइट तोडणारा स्विच) घरात नसेल तर कूलर दुरुस्तीच्या आधी ते काम करा.

पाण्यात पडलेला फोन

पाण्यापेक्षा पाण्यातली वीज फोन मारते. बोर्डावर व्होल्टेज असताना ओल आली की धातू विरघळून एका संपर्कावरून दुसऱ्याकडे सरकतो, हिरवा-पांढरा गंज धरतो. पाण्यात क्षार जितके जास्त तितकं हे वेगात. विहिरीच्या पाण्यापेक्षा ठिबकच्या खताच्या टाकीत पडलेला फोन म्हणून लवकर जातो. बाहेर काढल्याबरोबर बंद करा, सिमचा ट्रे काढा, कापडाने पुसा. चालू होतो का बघायला बटण दाबू नका आणि चार्जिंगला लावू नका. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने डब्यातल्या तांदळाखेरीज कोणाचंच काही बदलत नाही, उलट तांदळाची भुकटी पिनमध्ये जाते. दुकानात त्याच दिवशी उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुऊन घेतला तर आशा असते. फोनवर आयपी-६८ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. ती चाचणी नव्या फोनची, गोड्या पाण्यातली असते. पडझड झाली, झाकण एकदा उघडलं, की सील पूर्वीसारखं राहत नाही. सिमच्या खाचेत बहुतेक फोनमध्ये एक पांढरी खूण असते, ती लाल किंवा गुलाबी झाली असेल तर सर्व्हिस सेंटरवाल्याला पाणी गेल्याचं कळतंच.

दुकानात जाण्याआधी

काही तक्रारींत कुठला भागच गेलेला नसतो. कॉल लागला की स्क्रीन काळी होते आणि परत येत नाही? टेम्पर्ड ग्लासची कड किंवा मळ सेन्सरवर आलाय. समोरच्याला आपला आवाज येत नाही? व्हॉइस रेकॉर्डिंग करून ऐका. तिथे ठीक असेल तर माइक चांगला आहे, नेटवर्क किंवा ॲपचा घोळ आहे. फोन हँग होतो, जाहिराती उसळतात? सेफ मोडमध्ये, म्हणजे नंतर टाकलेली ॲप बंद ठेवून, चालू करा. तिथे नीट चालला तर दोष तुम्ही टाकलेल्या एखाद्या ॲपचा. नेटवर्क नाही? सिम दुसऱ्या फोनमध्ये घाला, मग *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, येतो का बघा. येतच नसेल तर हे बोर्डाचं काम.

फोन चालू असेल तर देण्याआधी बॅकअप घ्या आणि सिम काढून ठेवा. यूपीआयचा पिन तर कारागिराला कधीच सांगू नका. "टेस्टिंगला लागतो" हे कारण खोटं आहे. बदललेला जुना पार्ट परत मागा. आणि बिल हातात असू द्या. कंपनीचे पार्ट आणि अधिकृत दुरुस्तीची माहिती बघायला ग्राहक व्यवहार विभागाचं 'राइट टू रिपेअर' पोर्टल २४ डिसेंबर २०२२ पासून आहे. दुकानात जाण्याआधी एकदा चाळायला हरकत नाही.

आणि कोणी "बोर्ड गेला" म्हणालं, तर डीसी सप्लायवर लावून दाखवायला सांगा. चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही. बॅटरीच्या जागी मशीनमधून ४ व्होल्ट दिले आणि पॉवरचं बटण दाबण्याआधीच काटा करंट दाखवू लागला, तर मुख्य लाइनवर कुठेतरी शॉर्ट आहे. बटण दाबल्यावर करंट थोडा चढून तिथेच अडकला, तर बोर्ड अर्ध्यावर उठून थांबतोय. बटण दाबूनही काहीच हललं नाही, तर बटणाची पट्टी किंवा पॉवर आयसी (बोर्डाला वीज वाटणारी चिप) गेलीय. शॉर्ट असेल तर बोर्डावर रोझिनचा धूर धरतात आणि थोडा करंट सोडतात. जो कंडेन्सर तापतो तिथलं रोझिन आधी वितळतं. अनेकदा मोहरीच्या दाण्याएवढा एकच कंडेन्सर काढला की फोन उठतो. हे न बघता "नवा बोर्ड टाकू" म्हणणाऱ्याकडून फोन परत घ्यावा, कारण बोर्ड बदलला की फोटो, नंबर, सगळं गेलं. आताच्या फोनमधला डेटा कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरमध्ये असते. मेमरीची चिप काढून दुसरीकडे लावली तरी काही वाचता येत नाही. मुलीच्या लग्नाचे फोटो हवे असतील तर तोच जुना बोर्ड, निदान बॅकअप निघेपर्यंत, जिवंत करून घ्यावा लागतो.